पाच हजारांच्या वरचा रुपया

मी एक जुनी दगडी पाटी आहे, मित्रांनो, आणि मला अजून राग येतो. दगडाला कसला राग, असे म्हणू नका. माझ्या अंगावर काय लिहिले गेले ते आधी ऐका.

माझा दगड रेल्वेने दूरवरून आला. कर्जतच्या सुताराने मला सागाची चौकट बसवली आणि तात्यांनी मला आपल्या भातगिरणीच्या दारात टांगले. किती गोणी भात आले, किती तांदूळ निघाला, ते माझ्यावर लिहीत. "ही पाटी खोटं बोलत नाही," असे तात्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मला त्याचा फार अभिमान होता.

१९४० सालच्या फेब्रुवारीच्या शेवटी हेमचंद्र आले. तात्यांचे इन्कमटॅक्सचे कागद तेच भरत. त्यांनी मला खाली उतरवले आणि माझ्यावर आकडे मांडले.

"तात्यासाहेब, यंदाचं उत्पन्न पाच हजारांवर येऊन ठेपलंय. मार्च संपेपर्यंत गिरणी बंद ठेवा. पाच हजारांवर एक रुपया जरी गेला, तरी सगळ्या रकमेला रुपयामागे पंधरा पै कर. महिनाभरात तीनशे मिळवाल, पण कर एकशे चौसष्टवरून चारशे चौदावर जाईल, म्हणजे त्यातले अडीचशे सरकार नेईल."

तेव्हा एका रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै असत. अडीचशे वाचवून दिले म्हणून त्यांनी पंचवीस रुपये घेतले. खोटा हिशेब माझ्या अंगावर होता, आणि मला तो पुसता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तांदूळ पाखडणाऱ्या बायका आल्या, तर दाराला कुलूप. सोनाबाई पुढे झाली. तिच्यासारखे सूप कर्जतात कुणाच्या हाती चालत नसे.

"तात्या, भात अजून यायचं हाय. गिरणी कशापायी बंद केली?"

"कराची भानगड आहे. तुला नाही कळायची."

"मंग आमी महिनाभर खायाचं काय?"

तात्या आत गेले.

सोनाबाई आणि तिचा नवरा नामा डोंगरात कोळशाच्या भट्टीवर कामाला गेले. पंधराव्या दिवशी भट्टीवरचा मातीचा थर खचला. तिचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. जखम भरली, पण बोटे आखडली ती कायमची. त्या हाताला पुन्हा सूप धरता आले नाही.

एप्रिलात हेमचंद्र कागद भरायला आले. त्या दिवशी तात्यांची मुलगी मालती गिरणीत होती. ती मुलींच्या शाळेत शिकवत असे. मुंबईच्या वर्तमानपत्रात कराचे दर छापून आले होते, ते कात्रण तिच्या हातात होते. तिने मला मांडीवर घेतले आणि आकडे मांडले.

"तात्या, बघा. पहिल्या दीड हजारांवर काही नाही. पुढच्या साडेतीन हजारांवर रुपयाला नऊ पै. हे झाले पाच हजार, कर एकशे चौसष्ट रुपये एक आणा. पंधरा पैचा दर आहे तो फक्त पाच हजारांच्या वरच्या रुपयांवर. खालच्या रुपयांचा दर बदलतच नाही. तीनशेवर तुम्हाला तेवीस रुपये सात आणे पडले असते."

हेमचंद्रांनी बाहीने माझ्यावरचे सगळे पुसले. "मुलींनी यात पडू नये."

मालतीने पेन्सिल उचलली आणि तोच हिशेब पुन्हा लिहिला, आधीपेक्षा मोठ्या अक्षरात. "आता पुसा."

"पूर्वी सगळ्या रकमेवरच लागायचा," हेमचंद्र पुटपुटले.

"कायदा गेल्या वर्षी बदलला. पंचवीस रुपये घेताना तुम्हाला तो वाचावासा वाटला नाही?"

तात्यांनी हेमचंद्रांचे कागद बाहेर ओटीवर ठेवले आणि दाराकडे बोट केले.

पण तोवर भात नेरळच्या गिरणीत गेले होते. आणि सोनाबाईचा हात?

मेमध्ये ती तांदूळ न्यायला आली. तात्या खाली मान घालून म्हणाले, "चूक झाली, सोनाबाई. कराला भ्यालो."

"किती कर भरावा लागला असता?"

"तेवीस रुपये सात आणे."

तिने आखडलेला हात त्यांच्यासमोर धरला. "येवढ्यापायी?"

तात्यांनी तिला काट्यावर वजन बघायचे काम दिले. पुढच्या मार्चमध्ये गिरणी शेवटच्या दिवसापर्यंत चालली. तात्यांनी वरच्या रुपयांचा कर मुकाट्याने भरला. सोनाबाईने काम घेतले, पण माफी दिली नाही. मीही दिलेली नाही. हेमचंद्रांना नाही, आणि एका हिशेबाची शहानिशा न करता दाराला कुलूप घालणाऱ्या तात्यांनाही नाही.

आता मी मिठाच्या बरणीवर झाकण म्हणून पडून असते. माझी चौकट निघाली आहे, एक कोपरा फुटला आहे. मला पुन्हा टांगा असे मी म्हणत नाही. पण मित्रांनो, कुणी तुम्हाला कराचा दर सांगून भिववू लागला, तर त्याला विचारा, "हा दर कोणत्या रुपयांवर?" आणि त्याचे उत्तर स्वतः मांडून बघा. तुमच्या आळसाची किंमत दुसऱ्याच कुणाच्या तरी हाताला मोजावी लागते.