दर्याच्या वाट्याची पुडी

बोटीच्या डेकवर जायचं दार खलाशानं लावून घेतलं, तेव्हा मी जिन्यातच होते.

"वारा सुटलाय. कुणीही वर जायचं नाही."

"काका, मिनिटभरच. फक्त काहीतरी टाकायचंय."

"उलटी येतेय होय? मग ही पिशवी घे," असं म्हणून त्यानं खरोखरच एक पिशवी माझ्या हातात कोंबली.

दुसरा हात जाकिटाच्या खिशात होता आणि मुठीत पुडी. पांढऱ्या कागदात मूठभर तांदूळ, वरून पांढरा दोरा. आमच्या कोरियातल्या जेजू बेटाच्या किनाऱ्यावर ज्या घरातली बाई समुद्रात बुड्या मारून शंख-कालवं काढते, त्या घरात अशा पुड्या बांधल्या जातात. नाव आणि वय पुटपुटायचं आणि पुडी पाण्यात सोडायची. दर्याच्या राजाला त्याचं जेवण मिळालं की तो माणूस मागत नाही.

आईनं निघताना ती माझ्या खिशात घातली आणि वरून चेन ओढली. "बोट खोल पाण्यावर आली की टाक. विसरलीस तर बघ." कुणाच्या नावानं ते ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? घरात माणसं दोन, आणि पाण्यात उतरते ती एकटी. गेल्याच महिन्यात तिच्या जाळीचा दोर खडकात अडकला होता. वर आली तेव्हा ओठ जांभळे पडले होते, आणि कितीतरी वेळ ती शेकोटीपाशी कुडकुडत बसली होती. उद्या सकाळी ती पुन्हा उतरणार होती. आणि मी तिचा वाटा खिशात घेऊन बोटीच्या पोटात बसले होते, चर्चच्या पोरांची गाणी ऐकत.

खरं तर मी चर्चची नाहीच. उनसोल माझी वर्गमैत्रीण, ती चर्चची. "युवा संमेलनाला चल गं, मुख्य भूमीवर जायला मिळतं, जेवण फुकट," एवढ्यावर मी भाळले. आईचीही ना नव्हती. "देव पुष्कळ आहेत. कुणाशी भांडू नकोस म्हणजे झालं," ती म्हणाली होती.

संमेलनाचं प्रार्थनाघर डोंगरात होतं. तिथून समुद्र दिसत नव्हता, त्याचा वाससुद्धा येत नव्हता. दारातच एका टोपलीत सगळ्यांचे फोन गोळा केले. आमच्या गटाचा ग्योंगसूदादा टोपली घेऊन उभा होता.

"दादा, आईला एक फोन करू?"

"तीन दिवस देवाशी बोल. आई काय, घरी गेल्यावर आहेच."

सगळे हसले. मला मात्र ते 'आहेच' फार लागलं.

संध्याकाळच्या उपासनेला सभागृह खच्चून भरलं होतं. एवढी पोरं मी एका ठिकाणी कधी पाहिली नव्हती. चर्चचे धर्मगुरू पाळक ह्वांग उंच, हडकुळे, आवाज मात्र खणखणीत. "दोन देवांपुढे वाकणाऱ्याचं कुणीच ऐकत नाही!" ते म्हणाले, आणि मला वाटलं, माझ्या खिशाकडे बघूनच म्हणाले. मग दिवे मंद झाले. "चला, प्रभूला तीन वेळा हाक मारू आणि प्रार्थनेला लागू."

पुढे काय होणार हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. "प्रभू! प्रभू! प्रभूऽ!" सगळं सभागृह एकदम ओरडलं. पायाखालची फरशी थरथरली. आणि मग जो तो आपापलं मोठमोठ्यानं बोलायला लागला. कुणी छाती पिटत होतं, कुणी जमिनीवर डोकं टेकून हुंदके देत होतं. वर्गात पेन्सिल मागायलाही लाजणारी उनसोल माझ्या शेजारी घसा फाडून रडत होती.

"उनसोल! काय झालं? कुणी मेलं का?"

तिला ऐकूच गेलं नाही. मी पळून जायला दार शोधलं, पण दारापर्यंत माणसंच माणसं. असा आरडाओरडा आमच्याकडे एकदाच होतो, वर येणाऱ्या बायका मोजल्यावर एक कमी भरली की.

तेवढ्यात दानाची थैली फिरत आली. लाल मखमली, लाकडी दांड्याची. माझं डोकं चालेना. दर्या डोंगराच्या पलीकडे. आईचं पाण्यात उतरणं सकाळवर आलेलं. पुडी खिशात ठेवली तर दर्या कोपणार, बाहेर काढली तर इथला देव. पण पुडी कुणाला तरी पोचलीच पाहिजे, एवढं मला कळत होतं. मी ती थैलीत सोडली आणि आईचं नाव-वय पुटपुटले, "को सुन-ओक, वय बावन्न. ज्याला कुणाला हे मिळेल त्यानं घ्या, पण तिला वर येऊ द्या."

सगळे ओरडत होते, त्यामुळे माझं कुणाला ऐकू गेलं नाही. देवालाही गेलं नसणार, असं मला रात्रभर वाटत राहिलं.

पहाटेच्या प्रार्थनेला पाळक उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात माझी पुडी होती. उनसोलनं माझा हात धरला. "यंजू, थंडी वाजतेय का तुला? बर्फ झालाय हात."

"काल थैलीत हे मिळालं," पाळक म्हणाले. पोरं खिदळली. पण पाळकांचे डोळे भरून आले होते. "हसू नका. माझी आई प्रत्येक जेवणाला घरच्या प्रत्येक माणसाच्या नावानं चमचाभर तांदूळ बाजूला काढायची आणि रविवारी चर्चला आणून द्यायची. घरात खायला नसलं तरी. ही रीत संपली असंच मी समजत होतो. तुमच्यातल्या कुणाच्या तरी आईनं ती राखलीय. हा तांदूळ आजच्या कांजीत पडू दे, सगळ्यांच्या तोंडी लागू दे!"

टाळ्या वाजल्या आणि कुणीतरी पुडी स्वयंपाकघरात घेऊन गेलं. मी मात्र टाळी वाजवली नाही. शिव्या परवडल्या असत्या. दर्याच्या राजाचं जेवण ही पोरं मुळ्याच्या लोणच्याबरोबर खाणार होती!

प्रार्थना संपायच्या आत मी स्वयंपाकघराकडे धावले. स्वयंपाक बघणाऱ्या योमकाकू भल्या मोठ्या पातेल्यात पळी फिरवत होत्या.

"काकू, ती पुडी!"

"आली तशी टाकली. पाळकांनी आधीच सांगून ठेवलं होतं." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पळी थांबवली. "काय गं? भूत पाहिल्यासारखी काय करतेस?"

मी पातेल्यात पाहिलं. पांढरं सगळं एकजीव झालं होतं. मग माझा बांध फुटला आणि मी सगळं सांगून टाकलं, पुडी, दर्या, आई, जांभळे ओठ. मूर्तिपूजा म्हणून घरी पाठवतील याचीही आता पर्वा नव्हती. "काकू, मला फोन द्या. ती पाण्यात उतरेल. तिला थांबवते."

योमकाकू तडक गेल्या आणि टोपलीतून माझा फोन घेऊन आल्या. मागून ग्योंगसूदादा ओरडत आला, "काकू, नियम आहे!"

"नियम माझ्या पातेल्यात टाक," काकू म्हणाल्या. "चल, वाट्या मांड."

घंटी वाजत राहिली. आईनं उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा. म्हणजे ती उतरली होती. फोन कपड्यांच्या गाठोड्यात, आणि गाठोडं खडकावर.

काकूंनी मला लसूण सोलायला बसवलं आणि माझी कांजीची वाटी समोर ठेवली. मी तिला हात लावला नाही. बाहेर न्याहारी झाली, गाणी झाली, खेळ झाले. वाटीतल्या कांजीवर साय धरली. मी लसूण सोलत होते आणि दर वेळी फोनकडे बघताना सुरी बोटाला लागत होती. ती खडकात अडकलीय. ती वर यायला निघालीय आणि दोर ओढतोय. डोळे मिटले की हेच दिसायचं.

दुपार कलली तेव्हा फोन वाजला.

"एवढे फोन? काय झालं तुला?" आईचा आवाज. धाप लागलेला, पण तिचाच.

"आई, तू वर आलीस?"

"वर नाही येणार तर काय तिथंच राहणार? भरपूर शंख मिळाले आज. तू बोल, पुडी टाकलीस ना?"

"बोटीवर दार लावलं होतं गं. मी चर्चच्या थैलीत टाकली. आणि त्यांनी ती कांजीत शिजवली. तुझं नाव घेतलं होतं मी, आई, नाव नीट घेतलं होतं!"

"माझं?" आई म्हणाली. "माझी पुडी मी रोज माझ्या हातानं टाकते. ती तुझी होती, यंजू. एवढं खोल पाणी पहिल्यांदा ओलांडत होतीस."

मी समोरची वाटी जवळ ओढली.

"म्हणजे जाताना तुझ्या नावानं काहीच गेलं नाही." बुडी मारून वर आल्यावर ती जो लांब श्वास सोडते, शीळ घातल्यासारखा, तसा तिनं फोनवर सोडला. पाण्यात रोज उतरणाऱ्या माझ्या आईला भीती कशी असते ते ठाऊकच नाही, असं मी आजवर समजत होते. "ऐक. ती कांजी आहे का अजून?"

"माझी वाटी आहे. गार झालीय."

"ती खा आधी, सगळी. तो तांदूळ तुझ्याच नावाचा होता. मग कुणाकडून तरी मूठभर तांदूळ मागून घे. येताना दार उघडं असो की बंद, टाकल्याशिवाय राहू नकोस. आणि या वेळी नाव स्वतःचं घे. बू यंजू, वय सोळा. म्हणून दाखव."

"बू यंजू, वय सोळा."

"हं," ती म्हणाली. "तू घरी येईपर्यंत मी काही पाण्यात उतरत नाही."

फोन बंद झाला. योमकाकू माझी वाटी पुन्हा गरम करायला घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात मूठभर तांदूळ होता आणि काखेत पांढरा कागद.