शेवटच्या पानावरची ओळ

ताईने मला कोपऱ्यात बसवलं आणि बजावलं, की तोंडातून ब्र काढायचा नाही. टेबलाशी तिच्या ऑफिसातले तिघे, मधोमध माझ्या खेळाची पेटी. एकेक पत्ता उचलायचा आणि बुडत्या जहाजाची गोष्ट सगळ्यांनी मिळून पुढे न्यायची, असा खेळ. तीन वर्षं मी त्याच्यापायी डोकं शिणवलं होतं. बारा वाजता छापखान्यात मशीन सुरू होणार होतं, पाचशे प्रती. आणि ताईला ही परीक्षा आज सुचली होती: तिघांच्या हाती फक्त नियमांची पुस्तिका, मी गप्प.

मला रागच आला. मी स्वतः बसून चाळीसेक वेळा खेळवलेला खेळ, आता त्यात काय डोंबल चुकणार होतं?

सुरुवात झकास झाली. तिघांतल्या शिपायाने जहाजाला भोक पाडलं, रिसेप्शनवरच्या बाई कप्तान झाल्या. अकराला पत्ते संपले, गोष्ट मात्र संपेना. कप्तान दोनदा मेल्या. तिघे पुस्तिका उलटीसुलटी करत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. पत्ते संपले की दर वेळी मीच म्हणायचो, शेवटचा पत्ता ज्याचा, त्याने एका वाक्यात जहाज बुडवायचं. हा नियम फक्त माझ्या तोंडात होता. पुस्तिकेत तो मी लिहिलाच नव्हता.

लगेच छापखान्यातल्या काकांना फोन लावला. ते वैतागले. शेवटचं पान तेवढं बदलता येईल म्हणाले, पण तिथे जागा नाही, एक ओळ काढावी लागेल, आणि दहा मिनिटांत सांग.

"आभाराची ओळ काढा," मी म्हणालो.

"कसले आभार?" ताईने मागून विचारलं.

सांगावंच लागलं. छापखान्यात पाठवलेल्या पुस्तिकेत मी गुपचूप एक ओळ घातली होती, ताईसाठी. छापलेली पेटी हातात पडल्यावर तिने ती वाचावी, एवढंच मनात होतं. समोर उभं राहून असलं काही मी तिला जन्मात बोललो नव्हतो. मला फार वाईट वाटत होतं.

ताई शांतपणे म्हणाली, "नियम छाप. त्या ओळीतलं मला तोंडी सांग."

नियम मी दोन मिनिटांत लिहून पाठवला. ताईसाठीचं वाक्य मात्र तोंडातून निघेपर्यंत बारा वाजून गेले.