जेठातला गुबगुबीत उंदीर

दिवाळी सरली की बिराप्पाची मेंढरं कोयनेच्या घाटाकडं निघायची. निघायच्या आधी बिराप्पा एकेका मेंढीच्या कंबरेवर पंजा दाबून बघायचा. बोटांना चरबी लागली तर मेंढी वाटेला. हाड लागलं तर जोडीला एखादी देऊन मागं, मग ती कितीही लाडाची असो. जन्मभर त्यानं हा नेम पाळला आणि यंदा तोच त्याच्या गळ्यात आला. मोठ्या दुखण्यातून उठलेला, अंगावर नुसतं कातडं. लेक बिरदेव म्हणाला, "आप्पा, यंदा तुमी ऱ्हावा. खावा-प्यावा, अंग धरा. कंबर भरली की फुडल्या साली चला." नेम मोडायचा कसा? आपलाच नेम!

घोड्यावर बिऱ्हाड लादून लेक, सून, नातवंडं गेली. आटपाडीच्या माळावरचं घर आणि त्यात एकटा म्हातारा. वस्तीवरच्या बाकीच्या दारांनाही कुलपं. मळ्यातली शालूबाई भाकऱ्या देऊन जायची, पण घटकाभर बसायला तिला तरी कुठली सवड?

भाकरी होती, कालवण होतं, पण घास तोंडातच फिरायचा. एकट्यानं जेवायची माणसाला सवय होते म्हणतात. होत असेल कुणाला! बिराप्पाला काही झाली नाही. आणि कंबर भरली नाही तर पुढच्या सालीही हेच घर, ह्याच भिंती, ह्या विचारानं तर उरलीसुरली भूकही मरायची.

माघात ज्वारी काढली तसा एक उंदीर चुलीमागं दिसू लागला. असा गुबगुबीत, की पळताना पोट भुईला लागावं. बिराप्पानं काठी फेकून मारली. "खा लेका, आत्ता खा! वैशाखात बघतो तुला." सुगीत उंदीर अंगावर चरबी चढवतो आणि उन्हाळ्यात तीच जाळून जगतो, हे त्यानं बिळं उकरताना कितीदा बघितलं होतं.

झालंही तसंच. ज्वारी पत्र्याच्या कोठीत गेली, शिवार उघडं पडलं आणि उंदीर वाळत चालला. एके दुपारी तो चुलीपाशी येऊन बसला, तर पाठीचा कणा दिसत होता. बिराप्पानं उचललेली काठी खाली ठेवली. "तुलाबी मागं ठेवलं व्हय रं?" असं म्हणून त्यानं भाकरीचा तुकडा टाकला.

तिथून खोडच लागली. उंदराला आधी चतकोर, मग अर्धी, मग अर्धीहून जास्त. त्याला खाताना बघितलं की ह्याच्याही घशाखाली दोन घास उतरायचे. दोनच. मेंढरं आता कुठवर आली असतील, सून मंगल घोड्याला वेळेवर पाणी दाखवते का, सगळं तो उंदरालाच विचारायचा. अख्ख्या दिवसात बोलावं असं दुसरं होतं कोण?

मिरगाच्या तोंडाला सगळी परत आली. मंगल चूल पेटवायला बसली आणि किंचाळलीच. "अगं बया! केवढा उंदीर ह्यो!"

बिरदेव बघतच राहिला. वाटेत माळावर दिसलेले उंदीर काडीसारखे, आणि हा ऐन जेठात लोण्याचा गोळा! पळायचं सोडून तो थेट बिराप्पाच्या पायाशी येऊन भाकरीची वाट बघत बसला. मेला चुगलखोर!

बिरदेव बापामागं बसला आणि त्यानं कंबरेवर पंजा ठेवून दाबला. म्हाताऱ्यानं श्वास कोंडून अंग फुगवून बघितलं. पण मेंढक्याचा हात तो, फसतोय कुठला?

"हाड लागतंय, आप्पा."

"लागंल न्हाईतर काय! ठेव की मग नेमापरमानं मागं." बिराप्पाला आवाज चढवायचा होता, पण तो मधेच फाटला.

बिरदेवनं हात काढला नाही. "मागं ऱ्हाणाऱ्या मेंढीला तुमी जोडी द्यायचा. एकली खात न्हाई म्हणून." त्यानं उंदराकडं बघितलं. "तुमास्नी मातर आमी एकलंच ठेवलं."

नेमाचा हा अर्धा भाग इतक्या महिन्यांत खुद्द बिराप्पालाही आठवला नव्हता. पटक्याचं टोक तोंडात कोंबून तो लहान पोरासारखा रडला.