भासऱ्याशी बोलायची पहिली वेळ

पहाटे रुआबांधा सेक्टरातल्या घरून निघाल्यापासून चंपतभाऊ वाघाबद्दल असं बोलत होते, जणू तो त्यांच्याच खात्यात क्रेन चालवतो आणि आज त्याची साप्ताहिक सुट्टी आहे.

"माह्यासमोर येईनच तो! तू पाह्य फक्त!"

पोलादाच्या प्लांटच्या खडखडाटात आयुष्य गेलेलं, त्यामुळे कुजबूज हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. मैकलच्या डोंगरात, साल वृक्षांच्या शांत रानात, सफारीच्या उघड्या जिप्सीत उभे राहून ते गर्जत होते. चितळं तर कधीच पळाली होती.

मागल्या सीटवर रेणू दोन वर्षांच्या पिहूला ओढणीनं स्वतःशी बांधून बसली होती. खाली दरीत धुकं होतं, समोर हिरवे कडे होते. तिचे डोळे मात्र जिप्सीच्या दाराच्या सैल कडीवर. चंपतभाऊ तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे तिचे भासरे. धाकट्या सुनेनं भासऱ्याशी थेट बोलायचं नाही, त्याच्या हाती थेट काही द्यायचं नाही, ही घरची रीत. एम.एस्सी. झालेली रेणू ती लग्नापासून पाळत आली होती. नाहीतरी त्या माणसाशी बोलण्यासारखं तिला काही सापडलंच नव्हतं. निरोप असला तर मधे नवरा, मोहित. आणि मोहित असा पोस्टमन, की पत्र वाटेतच बदलायचा.

"ऐका ना, भाऊले म्हना हळू बोला. पोरगी दचकून राहिली."

"भाऊ," मोहित म्हणाला, "रेणू म्हन्ते, लय मजा येऊन राहिली!"

वळणावर ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. "भालू. पीठ पे बच्चा है. कोई उतरेगा नहीं."

चंपतभाऊ उतरले. गॉगल लावून, पोट आत घेऊन.

"दे रे मोहित, पोरीले दे इकडे! बोनटवर बसवतो. मांगं भालू, सामने पिहू. अख्खा सेक्टर पाहत राहीन!"

"त्यायले म्हना, पहिले वर चढा," रेणू म्हणाली.

"भाऊ, रेणू म्हन्ते, एकच फोटो काढा." आणि या शूर बापानं ओढणीच्या गाठीला हात घातला.

रस्ता ओलांडणारं अस्वल थांबलं. मागच्या पायांवर उभं राहिलं. पिल्लू पाठीवरून घसरलं.

रेणूनं नवऱ्याचा हात फटकन झिडकारला.

"ओ! चढा वर! तुमच्या फोटोपाई पोरगी नाही जन्माले घातली मी!"

चंपतभाऊ जागीच थिजले. अस्वलाला पाहून नव्हे, तिचं ऐकून.

"बाई... मले बोलली?"

अस्वल हुंकारत चार पावलं धावून आलं, तेव्हा कुठे ते धडपडत चढले. एक चप्पल रस्त्यावरच राहिली. ड्रायव्हरनं शिव्या देत गाडी मागे घेतली. अस्वल पिल्लाला घेऊन झुडपात शिरलं.

मग चंपतभाऊ, चक्क हळू आवाजात, म्हणाले, "मोहित, बायकोले समजव. भासऱ्याशी असं बोलत नसते."

मोहित निरोप द्यायला मागे वळला.

"ऐकलं मी," रेणू थेट चंपतभाऊंकडे पाहत म्हणाली. "यायले मधात नका घालू. पोरीचं जे असन ते आजपासून मलेच विचाराचं."

चंपतभाऊ मान वळवून डोंगर पाहू लागले, दिवसभरात पहिल्यांदाच. मोहितला काहीच काम उरलं नाही. तो गडबडीत जिप्सीत सांडलेले शेंगदाणे वेचत बसला.