पंचफुलाचा पडदा

"बाबा, जरासं भेल्यावानी करा नं," पिंटू म्हणाला आणि त्याने मोबाइलचा स्टँड आणखी जवळ ओढला.

देवराव भाऊजी खाटेवर ताठ बसले होते. त्यांना काही कळेना. "कायले भेऊ? कोनाले?"

मी उंबऱ्याशी तूर पाखडत होते. देवराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, पंचफुलाचा नवरा. कोकणातल्या एका जुन्या बंदराच्या दीपस्तंभावर त्यांनी सारी नोकरी काढली. बाभुळगावात आमच्या वस्तीत कोणी समुद्र पाहिला नव्हता, तेव्हा हा माणूस दिवा लावायला तिकडे गेला आणि माझी बहीण त्याच्या मागोमाग. परत आला तो एकटाच.

हा पिंटू यवतमाळचा. जुन्या जागांचा इतिहास मोबाइलवर सांगतो म्हणे. त्या दीपस्तंभाचा व्हिडिओ त्याने केला होता, आणि तिथला जुना माणूस आपल्याच जिल्ह्यातला निघाला म्हणून दुसरा भाग करायला आला होता. आम्ही दोघं सकाळपासून हरखून गेलो होतो. भाऊजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी चहात आलं किसून टाकलं होतं. त्या आल्याचा मला अजून राग येतो.

"आंधी पहिला भाग दाखव बरं," भाऊजी म्हणाले.

त्याने दाखवला. दगडी मनोरा, खालच्या होड्या, इंग्रजांनी बांधला वगैरे एका वाक्यात उरकलं. मग काहीतरी भेसूर वाजू लागलं आणि वरच्या काचेआड पांढरं हललं. पिंटूचा आवाज सांगत होता की इथे दिवेवाल्याची बायको मेली, ती अजून पांढऱ्या साडीत फिरते.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. भाऊजींनी मोबाइल डोळ्यांपाशी नेला.

"साडी नाही थे. पडदा होय," ते म्हणाले. "माह्या बायकोनं शिवलेला. हा पाह्य निळा दोरा."

मग त्यांनी त्या पोराला सगळं नीट समजावलं. दिव्याभोवती माणसाएवढं भिंग असतं. रात्री ते उजेड लांब फेकतं. पण दिवसा ऊन शिरलं तर तेच भिंग आतलं सगळं जाळून टाकतं. म्हणून उजाडलं की पडदा ओढायचा. सरकारी पडदा फाटला, नवा काही येईना, तेव्हा पंचफुलाने माहेरहून मांजरपाट नेला. यवतमाळच्या बाजारातून तो तागा मीच तिच्यासोबत आणला होता. पावसाळ्याच्या तोंडाशी तिला ताप चढला. वादळ सुटलेलं, तिला खाडीपलीकडे दवाखान्यात न्यायला होडी कोणी घालेना. ती दुपारी गेली. संध्याकाळी भाऊजी जिना चढले आणि त्यांनी दिवा लावला, कारण मच्छीमार अजून समुद्रातच होते.

"वर दिवा फिरून राह्यला होता, अन् खाली खोलीत थे एकटी," भाऊजी म्हणाले. बोलता बोलता त्यांचे डोळे वाहू लागले.

"भारी आहे बाबा, एकदम रिअल," पिंटू म्हणाला. "पन भूत राहू द्या. भुताबिगर कोनी पाह्यत नाही."

"नाव सांगतलं काय तिचं?"

"भुताचं काय नाव राह्यते बाबा?"

मग मला राहवलं नाही. "आमच्या बापानं धम्माची दीक्षा घेतली, तवा देव्हाऱ्यासंगं भूतं बी घराबाहेर काढली," मी म्हणाले. "अन् तू माह्या बहिणीलेच भूत करून घरात आनून राह्यला?"

"रागावू नका आजी. भूत कापतो, नाव टाकतो," तो म्हणाला. चहा पिऊन गेला.

काही दिवसांनी शेजारच्या उर्वशीने दुसरा भाग दाखवला. त्यात वादळ नव्हतं, मच्छीमार नव्हते, दिवा नव्हता. फक्त भाऊजींचे ओले डोळे, मागे त्यांच्या खिडकीचा पांढरा पडदा आणि वर मोठ्या अक्षरांत: 'भुताचा नवरा ढसाढसा रडला'. याला इतिहास म्हणतात. चुलीत घाल म्हणावं तुझा इतिहास. जिवंत होती तेव्हा त्या दिव्यावर बिनपगारी राबली, आणि मेल्यावर या लोकांनी तिला भुताची नोकरी लावून दिली. नाव मात्र दोन्हीकडे नाही.

मी म्हटलं, पोलिसांत जाऊ.

"ठाण्यात काय सांगू हंसा?" भाऊजी म्हणाले. "माही बायको भूत नाही म्हून?"

त्यांच्या खोलीच्या उगवतीच्या खिडकीला त्याच ताग्यातला पडदा आहे. उजाडलं की ते तो ओढतात. इथे भिंग नाही की दिवा नाही, पण हाताची सवय जात नाही. आता पोरं मोटरसायकलवर येऊन रस्त्यावरून त्या पडद्याचे फोटो काढू लागली. एका दुपारी भाऊजींनी तो उतरवला. मला वाटलं, संपलं. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि माझ्याकडे निळा दोरा मागितला. सुई मी ओवून दिली. पुढचं मला करू दिलं नाही. बोटं टोचून घेत, वाकडंतिकडं का होईना, त्यांनी स्वतःच शिवलं.

परवा पुन्हा दोन पोरं आली. गाडी चालूच, मोबाइल वर धरलेला. भाऊजी काठी न घेताच बाहेर गेले. मी घाबरले, आता हे हात उगारतात की काय. ते खिडकीपाशी गेले, गजांतून हात आत घातला आणि पडद्याला पडलेली सुरकुती सरळ केली. निळ्या दोऱ्यातलं 'पंचफुला' आता रस्त्यावरून नीट वाचता येत होतं.

"काढा आता," ते म्हणाले, आणि फोटोत यायला नको म्हणून बाजूला होऊन उभे राहिले.