पाय टेकायची जागा

मी एक होडी. फायबरची, निळ्या अंगाची आणि दिसायला चांगली. स्वतःचं कौतुक स्वतःच्या तोंडानं करू नये म्हणतात, पण धक्क्यावर शेजारी बांधलेल्या होड्या काही ते करणार नाहीत, म्हणून मलाच करावं लागतं. ह्या दिसण्यापायीच एका बाईचे पाय जायची वेळ आली होती. त्या दिवसापासून मनावर जे ओझं आहे, ते आज तुमच्यापाशी उतरवते.

माणसाचं आधी हाड घडतं की कातडी, मला ठाऊक नाही. माझी मात्र आधी कातडी झाली. एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा साचा होता. कारागिरांनी त्याला आतून मेण चोळलं, त्यावर निळा रंग फवारला आणि मग त्या रंगाच्या पाठीवर काचेच्या धाग्यांचं कापड आणि राळ यांचे थरावर थर दिले. साच्यातून उपटून काढलं तेव्हा माझ्या कुशीत, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत बाजूंत, शेडचं अख्खं छप्पर दिसत होतं. फक्त डेकवर, म्हणजे माणसं चालतात त्या भागावर, साच्यानंच बारीक बारीक दाणे उठवले होते. मला ते देवीच्या वणांसारखे वाटायचे. एवढं रूप दिलं आणि पाठ अशी का दिली, म्हणून मी मनातल्या मनात चरफडायचे.

मला एका नावाड्यानं घेतलं. आमच्या बंदराबाहेर मोठी जहाजं नांगर टाकून उभी असतात. त्यांच्यावरची माणसं, भाजीपाला, यंत्रांचे सुटे भाग यांची ने-आण करायची, हे आमचं काम. नावाडी रोज संध्याकाळी मला गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय घरी जात नसे. तरी उन्हानं रंग विटायचाच. माझ्या अंगावरून हात फिरवला की बोटांना खडूसारखी पूड लागायची. मग वर्षातून एकदा तो मला पाण्याबाहेर काढून ठोकळ्यांवर चढवायचा. आधी ओला पॉलिश पेपर, मग घुमणाऱ्या मशीननं घासणं, शेवटी मऊ फडक्यानं मेण. पाणी उडालं की माझ्या कुशीवर त्याचे मोती व्हायचे आणि घरंगळून जायचे. तो कमरेवर हात ठेवून ते बघत राहायचा.

धक्क्यावर सगळे त्याला ‘चकाचक’ म्हणत. इंजिनाचा मेस्त्री तर त्याला सोडतच नसे. “काका, हिला पाण्यात सोडताय की लग्नाला उभी करताय?” त्याची बायको हयात होती तेव्हा डबा घेऊन यायची आणि म्हणायची, “माझ्या तोंडावरून कधी इतक्या मायेनं हात फिरवला नाहीत हो.” यावर तो हसायचा आणि फडकं उलटं करून पुन्हा घासायला लागायचा.

त्याची लेक माझ्यातच वाढली. लहानपणी तिला एकच नियम होता. ‘खाली बस’ म्हटलं की आहे तिथं बसायचं. का, कशाला, हे नंतर. मोठी झाल्यावर मात्र ‘का’ विचारल्याशिवाय ती पाण्याचा घोटसुद्धा घेईना.

मग एका सकाळी नावाड्याच्या छातीत कळ आली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आणि डॉक्टरांहून जास्त लेकीनं बजावलं, की आता सुकाणू बंद. ती स्वतः सुकाणूच्या चाकावर उभी राहिली. दोर टाकायला एक खलाशी ठेवला. म्हातारा धक्क्यावरच्या बाकावर बसून मला जाताना आणि येताना बघायचा. काहीतरी करायला द्या म्हणून तो इतका मागे लागला, की अखेर ती म्हणाली, “बरं, पॉलिश करा. पण फक्त बाहेरच्या कुशी, बाबा. आणि सावकाश.”

त्यानं सावकाशच केलं. इतकं निवांत, इतकं देखणं काम त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं. कुशी आरशासारख्या झाल्या आणि त्यांच्यामुळे डेक जास्तच मळका दिसायला लागला. डब्यात थोडं मेण उरलं होतं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, शिडीवरून वर आला आणि माझ्या त्या दाण्यांवर मेण चोळलं. फडक्यानं पुसलं, पुन्हा चोळलं. बूट घासून पाहिला. कोरड्यात काही सटकेना. तो खूश झाला. मीही झाले. जन्मभर ज्या पाठीची मला लाज वाटत होती, ती पहिल्यांदा चमकत होती.

पाण्यात उतरवलं त्या दिवशी खलाशाला ताप होता. एका जहाजावर पंपाचा भाग तातडीनं पोचवायचा होता. लेक जरा वेळ घुटमळली आणि मग म्हणाली, “बाबा, चाक धराल? तेवढंच. दोर मी बघते.”

धराल का म्हणून त्याला विचारायला नकोच होतं. धक्का सोडेपर्यंत त्याची पाठ ताठ झाली होती. बाहेर वारा होता, पण फार नाही. जहाजाची गंजकी भिंत उजव्या हाताला जवळ यायला लागली. लेक दोराचं वेटोळं घेऊन केबिनमधून बाहेर पडली, माझ्या पुढच्या टोकाकडे निघाली. तेवढ्यात एक लाट माझ्या तोंडावर फुटली आणि डेकभर पाणी आलं.

काचेतून नावाड्यानं ते पाणी पाहिलं. ते पसरलं नाही. त्याचे मोती झाले.

एरवी जे मोती बघायला तो तासभर उभा राहायचा, ते बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला कळून चुकलं होतं. तिची टाच माझ्यावर पडत होती आणि मला ती धरता येत नव्हती. लोण्यावर पाय पडावा तशी ती निसटत होती. तिला वाटत होतं, लाटेमुळे झोक जातोय. जहाज आणि मी यांच्यात माणूस मावेल एवढीच फट उरली होती, आणि ती कमी होत होती. मला ओरडायचं होतं. होडीला तोंड असतं, पण आवाज नसतो.

इंजिन एकदम थांबवलं असतं तर झटक्यानं ती उडाली असती. त्यानं खिडकी सरकवली आणि वीस वर्षांपूर्वीच्या आवाजात म्हणाला, “खाली बस!”

तिच्या ओठांवर ‘का’ आलाच होता. पण गुडघ्यांनी ओठांची वाट पाहिली नाही. ती बसली, आणि त्याच क्षणी पाय सटकले. उभी असती तर सरळ पाण्यात गेली असती. बसलेली होती म्हणून कठड्याच्या खालून घसरत गेली आणि मांड्यांपर्यंत बाहेर लोंबकळली. दोन्ही हातांनी तिनं कठड्याचा खांब कवटाळला. तिचे पाय माझ्या कुशीवर होते. समोरून ती लोखंडी भिंत येत होती.

त्यानं चाक डावीकडे पूर्ण फिरवलं आणि इंजिनाला जोर दिला.

ज्यांनी होडी चालवली आहे त्यांना ठाऊक असेल, तोंड एका बाजूला वळवलं की शेपूट दुसऱ्या बाजूला जातं. माझं तोंड जहाजापासून दूर गेलं. फट रुंदावली, तिचे पाय मोकळे झाले. आणि माझी मागची उजवी कूस धाडकन त्या गंजक्या भिंतीवर आदळली. कर्रकर्र करत मी त्या भिंतीला घासत गेले. महिनाभर चोळलेला आरसा फाटत गेला. आपण काय करतोय हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याची नजर त्या दोन पायांवर होती.

मोकळ्या पाण्यात आल्यावर त्यानं इंजिन मंद केलं. लेक पोटावर सरपटत केबिनमध्ये आली. तिनं हाताचे तळवे नाकाशी नेले.

“बाबा, इथंही मेण?”

“डब्यात थोडं उरलं होतं.”

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं गं,” तो म्हणाला. “वर्षभर लांबूनच बघतोय हिला. हिच्यावरून कुणी चालतं, हेच विसरलो.”

मला वाटलं, आता ती त्याला कायमचा उतरवणार. ती खाली बसली आणि म्हणाली, “पंपाचा भाग देऊ, मग परतही तुम्हीच न्या. दोर मी बसूनच टाकते.”

त्यानंतर त्यानं गरम पाणी, साबण आणि ताठ केसांचा ब्रश घेऊन माझा डेक गुडघ्यांवर बसून घासला. रोज पेलाभर पाणी ओतून बघायचा. मोती झाले की पुन्हा घासायचा. पाणी नीट पसरलं, प्रत्येक दाण्याच्या मधून वाहिलं, तेव्हा त्यानं ब्रश खाली ठेवला. कुशीवरची जखम मेस्त्रीनं भरून दिली. रंग थोडा गडद लागलाय, तेवढं मला खुपतं. “काका, वरून मेणाचे दोन हात मारा, कळणारसुद्धा नाही,” तो म्हणाला. म्हातारा म्हणाला, “मारतो. पण डबा लेकीकडे असतो आता. मागून घ्यावा लागतो.”

मला चमकायची हौस आहे, आणि ती जाणार नाही. माझ्या कुशी हव्या तेवढ्या घासा, मी नाही म्हणणार नाही. पण जिथं तुमचे पाय टेकतात, तिथं मला खरखरीत राहू द्या. ते वण पुसू नका.

काल पुन्हा वारा होता. खलाशी बरा होऊन आला होता, तरी दोर घेऊन लेक स्वतः पुढे निघाली. चाकावर बाबा होते. लाट आली आणि डेकभर पाणी पसरलं. ती क्षणभर थांबली, मग तिनं पाऊल टाकलं, आणि माझ्या एकेका दाण्यानं मी तिची टाच घट्ट धरली.