डाव्या बाजूचं चाक

दुसऱ्यांदा बेअरिंग बदलून मी व्हॅन गॅरेजबाहेर काढली. चौक ओलांडायच्या आतच तो आवाज परत आला. हूंऽऽ, हूंऽऽ. कुणी दार लावून आतल्या खोलीत गुणगुणावं तसा. पुढचं उजवं चाक. शंका घ्यायला जागाच नव्हती, आवाज सरळ उजवीकडून येत होता. मी स्टिअरिंगवर बुक्की मारली आणि बेअरिंग बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

व्हॅन आमच्या वडिलांची. तिचं वय विचारू नये. आतून दार उघडायचं तर काच खाली करून हात बाहेर घालावा लागतो. मेकॅनिकची गाडी अशी कशी, असं गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा मी सांगतो, सर्दी डॉक्टरलाही होते.

घरी बायकोनं माझं तोंड बघूनच ओळखलं.

"दोनदा बेअरिंग बदललंत. आता मलाच बदला."

"दोष उजव्याच चाकात आहे."

"भावजींना फोन करा."

"चाकासाठी त्याची काही गरज नाही."

"चाकासाठी म्हटलं का मी?" ती म्हणाली आणि आत निघून गेली. ती हल्ली रस्त्यानं चालताना नेहमी माझ्या उजव्या बाजूला असते. का, ते तिनं कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

भावजी म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. पंचवीस वर्षं आम्ही दोघांनी गॅरेज चालवलं. हात माझे, कान त्याचे. कुणी आवाजाची तक्रार घेऊन आलं की आम्ही गाडी नाक्यापर्यंत फिरवून आणायचो. मी चालवायचो. दादा डाव्या सीटवर डोळे मिटून, दारावर तळवा टेकून बसायचा आणि परत येईपर्यंत एक शब्द काढायचा नाही. मग डोळे उघडून म्हणायचा, "मागचं उजवं. ब्रेकच्या पत्र्यात खडा अडकलाय." मी चाक काढायचो आणि खडा टपकन खाली पडायचा. असे खडे आम्ही एका बरणीत जमवले होते. बरणी अजून फळीवर आहे. दादा गॅरेज सोडून गेल्यापासून तिच्यात एकही खडा पडलेला नाही.

आमचं भांडण एका बाईंच्या गाडीवरून झालं. दादा म्हणाला डावं चाक, मी म्हणालो उजवं. मी हट्टानं उजवं खोललं. दोष डाव्यात निघाला. त्या बाईंच्या समोर दादा म्हणाला, "तुझा डावा कान गेलाय. डॉक्टरला दाखव." तो काळजीनं बोलला असेल. मला ते झोंबलं. राग तर माझ्या नाकावरच असतो. म्हणालो, "सगळं तुलाच ऐकू येतं ना? मग तूच चालव गॅरेज."

त्याचा मुलगा तीन तासांवरच्या गावात राहतो आणि कधीचा त्याला बोलावत होता. महिन्याभरात दादा निघाला. मीच त्याला याच व्हॅनमधून बसस्टँडवर सोडलं. वाटेत मी तोंड उघडलं नाही. तो उतरला, बॅग घेतली आणि मागे वळूनही न पाहता गेला. ते न वळणं मी सहा वर्षं उराशी धरून बसलो होतो. आणि त्या सहा वर्षांत असा एक दिवस गेला नाही की गाडी नाक्यावर थांबवल्यावर मी डाव्या सीटकडे पाहिलं नाही. मला माझा भाऊ परत हवा होता. एवढंच होतं, आणि एवढंच माझ्या तोंडातून निघत नव्हतं.

चाक डावं की उजवं हे ठरवायला खरं तर कान लागत नाहीत. मोकळ्या जागेत गाडी उजवीकडे वळवली की वजन डाव्या चाकावर येतं. आवाज वाढला तर दोष डावीकडे. कालचा शिकाऊसुद्धा हे करून बघतो. मी दोन महिने केलं नाही. भीती वाटत होती. दोष डावीकडे निघाला असता तर दादा खरा ठरला असता, मग मी कशाच्या जोरावर रुसून राहणार होतो?

रविवारी सकाळी मी व्हॅन काढली आणि सरळ त्याच्या गावी गेलो. चाक तीन तास रडत होतं.

दादाच्या घरासमोर थांबलो. काच खाली करून हात बाहेर घालतोय, तोवर तो फाटकात येऊन उभा राहिला. चष्मा कपाळावर चढवलेला, खांदे उतरलेले. सहा वर्षांनी माझा भाऊ मला म्हणाला, "पुढचं डावं."

"उजवं," मी म्हणालो.

"उतर. चावी दे."

आयुष्यात पहिल्यांदा तो चालवायला बसला आणि मी डावीकडे. शाळेमागच्या रिकाम्या मैदानात त्यानं गाडी उजवीकडे वळवली. आवाज एकदम फुगला. डावीकडे वळवली, तर जवळजवळ नाहीसा झाला.

"कळलं?"

"कळलं."

"उजवं किती वेळा बदललंस?"

"दोनदा."

तो खोकला येईपर्यंत हसला. मग त्यानं इंजिन बंद केलं. "कान दाखवलास?"

"नाही."

"कधीपासून आहे हे?"

"तू जायच्या बऱ्याच आधीपासून." हे मी पहिल्यांदा कुणाजवळ कबूल करत होतो. त्याचा शब्द न् शब्द मला स्वच्छ ऐकू येत होता, कारण तो माझ्या उजवीकडे बसला होता.

त्याचं हसू गेलं. "मला वाटलं होतं, नुसतं कमी येतं. म्हणजे स्टँडवर सोडलंस तेव्हाही पूर्ण गेलेला?"

"तेव्हाही. का?"

"मी तुला विचारलं होतं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा." तो समोर बघत बोलत होता. "म्हटलं, तू नको जाऊ म्हणालास तर मी राहतो. तू रस्त्याकडे बघत राहिलास. सिग्नल सुटला, तू गाडी काढलीस. मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं."

सहा वर्षं. तो माझ्यापासून हातभर अंतरावर बसून बोलला होता, आणि मी घुम्यासारखा गाडी चालवत राहिलो होतो.

"परत विचार," मी म्हणालो.

"वेडा आहेस का?"

"दादा, विचार."

त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग अगदी हळू म्हणाला, "नको जाऊ म्हणालास, तर राहतो."

"नको जाऊस," मी म्हणालो. त्यानं माझ्या गुडघ्यावर थापटलं आणि बाहीनं डोळे पुसले. आम्ही दोघंही आता म्हातारे होतो आणि त्याचं घर इथंच, मैदानाच्या पलीकडे होतं. सून जेवायला थांबली होती.

जेवून आम्ही चाक खोललं. बेअरिंग आणायला बाजारात जावं लागेल, असं दादा म्हणाला, तेव्हा मी सीटखालची पिशवी काढून त्याच्या हातात दिली. डाव्या चाकाचं बेअरिंग. घरून निघतानाच बरोबर घेतलेलं.

"लबाड," तो म्हणाला.

चार वाजता निघालो. व्हॅन सुरू केली. दादा डाव्या खिडकीशी वाकला आणि काहीतरी बोलला. त्याचे फक्त ओठ हलताना दिसले.

मी इंजिन बंद केलं. काच खाली करून हात बाहेर घातला, दार उघडलं, गाडीला वळसा घालून त्याच्यापाशी गेलो आणि उजवा कान पुढे केला.

"काय म्हणालास?"

"काही नाही रे," दादा म्हणाला. "सावकाश जा म्हटलं."